कान सरकारचा, सहीही सरकारचीच

भारतीय कायद्यात घराला आणि फोनला मिळणारे संरक्षण सारखे नाही. पोलिसांना एखाद्या घराची झडती घ्यायची असेल तर सर्वसाधारणपणे दंडाधिकाऱ्याकडून वॉरंट, म्हणजे झडतीचा लेखी हुकूम, मिळवावा लागतो. तपासाच्या घाईत तेवढा अवधी नसला आणि अधिकाऱ्याने वॉरंटशिवाय झडती घेतली, तरी तिची कारणे लिहून काढून ती जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन त्याच्यावर असते. त्याच घरातला माणूस फोनवर काय बोलतो हे ऐकण्यासाठी मात्र न्यायाधीशाकडे आधीही जावे लागत नाही आणि नंतरही जावे लागत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात ‘वॉरंटशिवाय पाळत’ असे म्हटले की सरकारने नेहमीची वाट सोडली असा त्याचा अर्थ होतो आणि त्यावर वाद पेटतो. भारतात नेहमीची वाट तीच असल्यामुळे तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

ही वाट 1885 सालच्या भारतीय तार अधिनियमाने घालून दिली. त्या कायद्याच्या पाचव्या कलमातील दुसऱ्या उपकलमाने सरकारला संदेश अडवण्याचा, म्हणजे ते मधेच थांबवून वाचण्याचा किंवा ऐकण्याचा, अधिकार दिला. मात्र त्यासाठी ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांपैकी एक अट आधी पूर्ण झाली पाहिजे आणि त्यावर देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एखादे कारण असले पाहिजे, अशी त्याची रचना होती. अधिकार कोणी, कसा आणि किती काळ वापरायचा याचे नियम करण्याची तसदी शंभर वर्षांहून अधिक काळ कोणत्याही सरकारने घेतली नाही. कोल्हापूरच्या शेजारच्या कर्नाटकात 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, दिल्लीतही राजकीय नेत्यांच्या फोनची प्रकरणे बाहेर आली, आणि अखेर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आदेश फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने काढावा, तो ठरावीक मुदतीपुरताच असावा आणि सचिवांच्या एका समितीने त्याचा आढावा घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी असावी ही याचिकाकर्त्यांची मागणी मात्र त्याने मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नसताना ती न्यायालयाने घालणे बरोबर नाही, अशी त्यामागची भूमिका होती. तत्त्वतः ती समजण्यासारखी आहे. पण संसदेने ती तरतूद त्यानंतरही केली नाही, हे त्याबरोबरच नोंदवावे लागते.

या तत्त्वांतून तार नियमावलीतील 419-अ हा नियम 2007 मध्ये आला. त्यानुसार आदेश साठ दिवस चालतो, वाढवत नेला तरी 180 दिवसांपुढे जात नाही, आणि राज्यात त्याचा आढावा मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव अशा तिघांची समिती घेते. 1885 च्या कायद्याचे पाचवे कलम आता मागे पडले आहे. त्याच्या जागी आलेल्या दूरसंचार अधिनियम, 2023 मधील विसावे कलम 26 जून 2024 पासून लागू झाले आणि त्याखालचे नवे नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. (26 जून ही राजर्षी शाहू महाराजांच्या जन्माची तारीख आणि 1975 च्या आणीबाणीचा पहिला दिवस, नव्या कायद्याने ही तारीख योगायोगानेच गाठली असावी.) कायद्याचे नाव बदलले, पण मांडणी तीच राहिली: अर्ज करणारी यंत्रणा सरकारची, सही करणारा सचिव सरकारचा आणि आढावा घेणारे तिघेही सरकारचेच.

आढाव्याला किती अर्थ उरतो, याचा अंदाज न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या 2018 च्या अहवालावरून येतो. केंद्र सरकारकडून दरमहा साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात, अशी माहिती माहितीच्या अधिकारातून पूर्वीच बाहेर आली होती. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आढावा समितीसमोर त्यामुळे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश येतात, असे श्रीकृष्ण समितीने नमूद केले. समिती सलग आठ तास बसली, चहालाही उठली नाही, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात फाइलवरचे नाव वाचून होईल, पण ते नाव खरे आहे की नाही हे पाहणे शक्य नाही.

आणि महाराष्ट्रात वाद झाला तो नेमका नावावरूनच. पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्त आणि पुढे राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख झालेल्या रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध 2022 मध्ये पुण्यात बंडगार्डन आणि मुंबईत कुलाबा या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले. नाना पटोले, बच्चू कडू, संजय राऊत, एकनाथ खडसे अशा राजकीय नेत्यांचे फोन 2016 ते 2019 या काळात बेकायदा ऐकले गेले, आणि परवानगीसाठी पाठवलेल्या कागदांवर त्यांचे क्रमांक खऱ्या नावाने न देता अमली पदार्थांचे विक्रेते किंवा समाजकंटक म्हणून दाखवले गेले, असा आरोप होता. पटोले यांच्या क्रमांकापुढे ‘अमजद खान’ असे नाव लिहिले होते, असे त्यांनी स्वतः विधानसभेत सांगितले. 2022 च्या मध्यावर राज्यातले सरकार बदलले. पुढे एका प्रकरणात सरकारने खटला चालवण्यास मंजुरी नाकारली, दुसऱ्यात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. जानेवारी 2024 मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कोणाचे चुकले हे ठरवणे या लेखाच्या आवाक्याबाहेरचे आहे. या प्रकरणातून दिसते ते वेगळेच: गुन्हा एका सरकारने नोंदवला, मंजुरी दुसऱ्या सरकारने नाकारली, आणि मधल्या साऱ्या काळात खुद्द परवानगीचा कागद बरोबर होता की खोटा, यावर कुठल्याही न्यायालयात साक्षीपुरावा झाला नाही. आमदार-खासदारांच्या बाबतीत ही गत असेल, तर गडहिंग्लजच्या एखाद्या शिक्षकाने किंवा इचलकरंजीच्या एखाद्या कामगार कार्यकर्त्याने आपला फोन ऐकला जात असल्याची तक्रार घेऊन कुणाकडे जावे, हा प्रश्न विचारायलाच नको.

न्यायालयाच्या हुकुमाशिवायची पाळत कोल्हापूरला नवी नाही. ब्रिटिश काळात काही जातीजमातींना जन्मतः गुन्हेगार मानले जाई आणि त्यांतील माणसांना रोज गावच्या चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. ती चुकली की शिक्षा, परगावी जायचे तर परवानगी. कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नसताना केवळ जातीमुळे लादलेली ही पाळत होती. महार, मांग, रामोशी आणि बेरड यांच्यावरील ही हजेरी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1918 मध्ये बंद केली, आणि फासेपारध्यांना चोर मानण्याऐवजी नोकरीत घेऊन त्यांच्यावर विश्वास टाकला. उर्वरित देशात गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला 1952 उजाडावे लागले, आणि तरीही सराईत गुन्हेगारांविषयीच्या पुढच्या कायद्यांतून ती नजर पुरती हटली नाही. हजेरी अपमानास्पद होती, पण ती उघड होती. चावडीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्यावर पाळत आहे हे ठाऊक होते, गावाला ठाऊक होते, म्हणून तिच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडता आले आणि ते ऐकून ती बंद करणारा राजाही भेटला. फोनवरील पाळतीत पहिली गोष्टच गळून पडते. ज्याच्यावर ती आहे त्याला ती कधीच कळवली जात नाही, ना चालू असताना, ना संपल्यानंतर. मग दाद मागण्याचा हक्क कागदावर असला काय आणि नसला काय.

पोलिसांच्या गुप्त नोंदींचे एक विचित्र ऋण मात्र मराठी इतिहासावर आहे. महाराष्ट्र शासनाने 1982 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांच्याविषयीच्या साधनांचा जो खंड काढला, त्यातील बराच मजकूर मुंबई पोलिसांच्या गुप्त गोषवाऱ्यांतून घेतलेला आहे. कोणत्या सभेला किती लोक जमले आणि कोण काय बोलले हे अभ्यासकांना आज कळते, ते त्या सभेत मागे उभ्या असलेल्या साध्या वेशातल्या शिपायामुळे. ज्या माणसाने पुढे देशाच्या घटनेचा मसुदा घडवला, त्याच्यावरही सरकारची नजर होती ही गोष्ट, ‘ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा वाचून पाहावी.

न्यायालयांची भूमिका या साठ-सत्तर वर्षांत बरीच हलली. 1962 मध्ये खरक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संशयिताच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावण्याचा पोलिसांचा रिवाज घटनाबाह्य ठरवला, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे बहुमताने मानले नाही. 1972 मधील मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला मुंबईचा. शहराच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्या डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला यंत्र जोडून संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. हा पुरावा ग्राह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालय संरक्षण देईल, मात्र अपराध्याला पोलिसांपासून ते मिळणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. प्रत्यक्षात लाच मागणाऱ्याला पकडण्यात गैर काहीच नव्हते. पण फोन ऐकायचा निर्णय होतो त्या क्षणी अपराधी कोण आणि निरपराध कोण हे ठरलेलेच नसते, ही त्या तर्कातली अडचण पुढे 45 वर्षे तशीच राहिली.

ती दूर करण्याचा पाया 24 ऑगस्ट 2017 रोजी घातला गेला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि त्यात सरकारला हात घालायचा असेल तर तीन कसोट्या सांगितल्या: त्यासाठी कायदा असावा, उद्देश वाजवी असावा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात असावा. या निकालाचा फोनशी थेट संबंध जोडला तो मुंबई उच्च न्यायालयाने. एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप ठेवून सीबीआयने त्याचे फोन ऐकण्याचे तीन आदेश मिळवले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने ते तिन्ही रद्द केले. लाचखोरी गंभीर असली तरी तिच्यामुळे ‘सार्वजनिक सुरक्षितता’ धोक्यात आली असे दाखवता येत नाही, असे म्हणून त्या खंडपीठाने ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हीच वाट धरली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी भ्रष्टाचाराचे परिणाम सुरक्षिततेपर्यंत जाऊ शकतात, असा उलट कौल दिला. म्हणजे एकच आदेश मुंबईत बेकायदा आणि दिल्लीत कायदेशीर ठरू शकतो, अशी आजची स्थिती आहे.

सरकारच्या बाजूला काहीच सांगण्यासारखे नाही, असे मात्र कोल्हापूरकर तरी म्हणू शकणार नाहीत. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिली अटक सांगलीतून झाली आणि त्या तपासात मोबाइलच्या नोंदींचा आणि फोनवरील संभाषणांचा आधार पोलिसांनी घेतला. ज्या पुरोगामी वर्तुळाला सरकारी पाळतीची धास्ती वाटते, तेच वर्तुळ या तपासात पोलिसांनी आणखी खोल जावे म्हणून रस्त्यावर उतरले, आणि त्यात विसंगती काही नाही. गुन्हा घडला, संशयित ठरला, मग त्याचा फोन ऐकला, ही साखळी बहुतेकांना मान्य असते. आक्षेप आहे तो कोणताही गुन्हा समोर नसताना माणूस निवडून त्याच्यावर कान लावण्याला. पानसरे प्रकरणात उच्च न्यायालय वर्षानुवर्षे तपासावर देखरेख ठेवत होते, ही गोष्टही विसरू नये.

महाराष्ट्राचाच एक कायदा या बाबतीत केंद्राच्या कायद्यापेक्षा बरा निघतो, हे सहसा ध्यानात येत नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा मकोका कठोर म्हणून ओळखला जातो आणि त्यात फोन ऐकण्याच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. उच्च न्यायालयाने त्या राज्याच्या अधिकाराबाहेरच्या म्हणून रद्द केल्या होत्या, पण सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्या पुन्हा वैध ठरवल्या. परवानगी इथेही सचिवाचीच. मात्र ऐकलेले संभाषण पुरावा म्हणून वापरायचे असेल तर आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते, आणि वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले याचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याची तरतूद आहे. टोळीयुद्धातल्या आरोपीला जी प्रत मिळते ती दूरसंचार कायद्याखाली फोन ऐकला गेलेल्या साध्या नागरिकाला मिळत नाही.

आतापर्यंतची चर्चा शब्दांची, म्हणजे संभाषणातल्या मजकुराची, झाली. त्याहून मोठा आणि कमी चर्चिला गेलेला भाग आहे तो नोंदींचा. पोलिसांच्या बोलण्यात ज्याला ‘सीडीआर’ म्हणतात ती कॉलची नोंद म्हणजे एक लांबलचक तक्ता असतो: कोणी कोणाला फोन केला, तारीख, वेळ, किती सेकंद बोलणे झाले, हँडसेटचा क्रमांक, आणि फोन सुरू होताना व संपताना तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता. त्यात एकही शब्द नसतो. तरीही रोज सकाळी रंकाळ्याच्या टॉवरवर, दुपारी शाहूपुरीच्या, दर गुरुवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका विशिष्ट दवाखान्याजवळच्या टॉवरवर दिसणाऱ्या माणसाचे आयुष्य त्या तक्त्यातून वाचता येते. त्याला कोणता आजार आहे हेही. या नोंदी दूरसंचार कंपन्यांना दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि त्या मागवण्यासाठी गृहसचिवाची सही लागत नाही, पोलिसांची नोटीस पुरते. ‘टॉवर डंप’मध्ये तर एका टॉवरच्या कक्षेत ठरावीक वेळी असलेल्या प्रत्येक फोनची नोंद उचलली जाते, बिंदू चौकातली सभा असेल तर वक्ता, श्रोता आणि कोपऱ्यावरचा चहावाला सगळेच त्यात येतात. अशी माहिती एकदा गोळा झाली की ती सरकारपाशीच राहते असेही नाही. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना सीडीआर विकणारी साखळी उघडकीस आणली होती.

कलम तेच, पण वापर वेगळा, असा एक अनुभव कोल्हापुराने जून 2023 मध्ये घेतला. समाजमाध्यमांवरील स्टेटसवरून 7 जून रोजी शहरात दंगल उसळली आणि गृह विभागाच्या आदेशाने जिल्ह्यातले इंटरनेट बंद झाले. संदेश ऐकण्याचा आणि संदेश बंद पाडण्याचा, असे दोन्ही अधिकार तार कायद्याच्या त्या एकाच पाचव्या कलमातून आले होते. फरक इतकाच की, इंटरनेट बंद झाल्याचे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळले, क्यूआर कोडपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापासून सर्वांना; त्यावर टीका झाली, समर्थनही झाले. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये काश्मीरच्या खटल्यात बजावलेले आहे. फोन ऐकण्याच्या आदेशाला हा नियम लागू नाही.

इतर देशांत चित्र आदर्श आहे असे नव्हे. अमेरिकेत 1978 पासून हेरगिरीच्या अर्जांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे. तरी परदेशस्थ व्यक्तींवर वॉरंटशिवाय पाळत ठेवताना गोळा झालेले अमेरिकनांचे संभाषण चाळण्यासाठी वॉरंट हवे, ही दुरुस्ती एप्रिल 2024 मध्ये प्रतिनिधीगृहात 212 विरुद्ध 212 अशा बरोबरीने पडली. ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताचीही मान्यता लागते. जर्मनीत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकला गेला तर तो प्रकार संपल्यावर संबंधित व्यक्तीला तसे कळवण्याचे बंधन आहे, आणि भारतात सर्वांत आधी हेच उचलण्यासारखे आहे. न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीला वेळ लागतो, तोवर अतिरेकी निसटेल, हा आक्षेप तिच्यावर घेता येतो. तपास संपल्यावर पाठवायच्या पत्रावर तो घेता येत नाही.

सध्या असे पत्र मागण्याची सोयही उरलेली नाही. आपला फोन ऐकला गेला होता का, असे माहितीच्या अधिकारात विचारणाऱ्या एका वकिलाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही माहिती देण्यापासून सूट असल्याचे सांगितले. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानेही, सरकार अधिसूचित करील त्या यंत्रणांना आपल्या बंधनांतून बाहेर ठेवले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या नागरिकाला मूलभूत हक्कासाठी मुंबईची गाडी पकडण्याची गरज राहिली नाही. मुंबईतल्या त्या व्यावसायिकाला 2019 मध्ये तिन्ही आदेश रद्द करून घेता आले, कारण सीबीआयने ते खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरायला काढले आणि त्यामुळे ते त्याच्या हाती पडले. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला कोल्हापुरातल्या याचिकेला जोडायला आदेशाची प्रत कुठूनच मिळत नाही.